मातीचे डोहाळे

औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत सुगडं आली. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून कुंभारीण बसली आहे. एका हाताला काळ्या सुगडांची रास, दुसऱ्या हाताला तांबड्यांची. गिऱ्हाईक नसलं की ती ओल्या फडक्यानं एकेक सुगड पुसते आणि परत राशीवर ठेवते. पुसलं की वास सुटतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो संक्रांत जवळ आल्याचा वास असेल. मला तो एका हिवाळ्याचा वास आहे, आणि त्या हिवाळ्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

एरवी या दिवसांत मी मेथी-कोथिंबीर पलीकडच्या गल्लीतून घेऊन सटकते. या रविवारी सटकता आलं नाही, कारण सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पूजेची पाच सुगडं निवडली. प्रत्येक टिचकीनं वाजवलं, उजेडात धरलं, तळ बघितला. मग पिशवीचं तोंड आवळता आवळता पुन्हा राशीत हात घातला आणि एक तांबडं उचललं.

"हे सहावं कशाला, मावशी? पाचच पुजतेत ना तुमच्यात?" कुंभारणीनं विचारलं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "लागतं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही हरभऱ्याच्या जुड्या निरखत उभी राहिले. कशाला लागतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मी जाडी होते. "अंगानं भरलेली", "खात्यापित्या घरची", "तब्येत चांगली आहे हो" असे शब्द लोकांनी माझ्यासाठी वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत केले होते, म्हणून मी सरळ सांगते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नाही तेव्हा हे गोड शब्द एकाएकी बंद झाले. ज्या काकू मला आग्रह करकरून पुरणाची तिसरी पोळी वाढायच्या, त्याच आता माझ्या ताटाकडे बघून सुस्कारे टाकायला लागल्या. माझी पाळी पहिल्यापासून लहरी. दोन-दोन महिने पत्ता नसायचा आणि मग आली की नळ फुटल्यासारखी. मूल व्हावं म्हणून ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही जात होतो त्यांनी एक दिवस चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी वजन. त्याशिवाय मी पुढचं काहीच करणार नाही," त्या म्हणाल्या. मी पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यानं चालले. कोमट पाणी प्याले, रात्रीचं जेवण सोडलं, कुणी सांगितलेली कडू पावडर खाल्ली. वजन म्हणजे घरात ठाण मांडलेला पाहुणा होता, उठायचं नावच घेईना. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं. आरशासाठी नाही, कपड्यांसाठी नाही. फक्त मूल हवं होतं म्हणून मी स्वतःचं चांगलं चालतं पोट कापून घेतलं.

या ऑपरेशनलाही बायपासच म्हणतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सासूबाईंनी छातीला हात लावला. "आगं बया, हिच्या हृदयाला काय झालं?" माझा नवरा सुनील शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं कागदावर चित्र काढून त्यांना समजावलं. जठराची छोटी पिशवी करायची, आतड्याचा वरचा भाग वगळून खालचा भाग थेट तिला जोडायचा. अन्न आता त्या आडवाटेनं जाणार. सासूबाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी बीड बायपाससारखं." सुनील हसला, पण त्या बरोबर बोलल्या होत्या. नवा रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरची हॉटेलं ओस पडतात. माझ्या आतड्याचा जो भाग वगळला, नेमका तोच अन्नातलं लोह उचलणारा होता. हे ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. मूल होणार असेल तर लोहाचं काय ते बघू, असं मनात म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी मी हवेत होते. कपडे ढगळ होत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, बेअरिंगं, सळ्या, पत्रे, सगळं माझ्या ताब्यात. तिथली माणसं मला ओळखेनाशी झाली आणि मला ते फार आवडलं. ज्या काकूंनी सुस्कारे टाकले होते त्यांनी आता माझ्याकडून आहार लिहून घेतला. शरीर सावरेपर्यंत मुलाचा विचार करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी शहाण्यासारखी थांबले. वाट पाहण्याचा मला तेव्हा कंटाळा नव्हता, कारण त्या वाटेच्या शेवटी काहीतरी होतं.

मग थांबायचे दिवस संपले. आम्ही उत्साहानं डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. अहवाल वाचून त्यांनी पुन्हा चष्मा काढला. आता त्यांच्या चष्मा काढण्याची मला धास्तीच बसली आहे.

"अंगात रक्तच नाही तुमच्या. अशा अवस्थेत पोटात गर्भ राहिला तर तुम्हालाही धोका, त्यालाही. आधी हे भरून काढा, मग बघू."

मग बघू. हे दोन शब्द मी त्या हिवाळ्यात इतक्यांदा ऐकले की अजून कुणी म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

केस गुच्छ्यांनी गळत होते. स्टोअरच्या मांडणीला लावलेल्या शिडीची तिसरी पायरी चढले की कानात धडधड ऐकू यायची. नखं खोलगट झाली होती. भोवती चार बाजूंना लोखंड रचलेलं आणि मधोमध मी, अंगात लोह नाही म्हणून स्टुलावर बसलेली. मला हसूही यायचं आणि संतापही. गोळ्या घेतल्या, त्यांनी नुसती मळमळ झाली. सासूबाईंनी गावाकडून लोखंडी कढई आणली आणि सगळ्या भाज्या तिच्यात करायला लागल्या. पालक, बीट, खजूर, काळे मनुके. एक दिवस गूळ-शेंगदाण्याचा लाडू त्यांनी स्वतःच्या हातानं मला भरवला. ऑपरेशन झालेल्या पोटाला गोड सोसत नाही. ते पडताच मला दरदरून घाम सुटला, छाती धडधडली, मी बाथरूमच्या दारातच बसले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "चिमणीएवढं खाती अन् तेबी अंगी लागंना," त्या म्हणाल्या. घास भरवणं ही त्यांची माया करायची एकच रीत होती, आणि माझ्या पोटानं तिलाही दार लावून घेतलं होतं.

तेव्हा शिरेतून लोह द्यायचं ठरलं. जालना रोडवरच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे सकाळी येऊन बाटली लावून दुपारी घरी जाणाऱ्यांच्या खाटा. खिडकीतून उड्डाणपूल दिसतो. शबाना सिस्टरनं पहिल्या दिवशी माझ्या हाताची शीर शोधता शोधता हार मानली. मग गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या कोपराखाली ठेवली.

"दीदी, थंडी में रग छुप जाती. जरा गरम होऊ द्या, मग येते बघा बाहेर. मुठ्ठी बांधो."

सलाइनच्या बाटलीत ते औषध मिसळलं की पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. थेंब थेंब नळीतून खाली येतं. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते आणि जात नाही. मी वर बघत पडून राहायची आणि प्रत्येक थेंबाला मनातल्या मनात सांगायची, बाळा, तुझ्यासाठी. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. सुनीललाही नाही. त्यानं मला समजावलं असतं, आणि मला समजून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला माझी शीर फुटली. सुईच्या जागी आग झाली आणि कातडीखाली तपकिरी डाग पसरला. शबाना सिस्टर धावत आली, तिनं सुई काढली, बर्फ लावला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "ये दाग जल्दी नहीं जाता दीदी, खरं सांगते." नाही गेला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, चहा सांडल्यासारखा तो आजही आहे. लोक विचारतात, भाजलं का. मी हो म्हणते.

लोह चढायचं आणि पाळी आली की वाहून जायचं. आज भरलेलं उद्या रिकामं. पोटातून घेण्याचा रस्ता बंद, आणि बाहेर जाण्याचा मात्र सताड उघडा. मधल्या एका खेपेला तर महिनाभर बाटली लावलीच नाही. कारखान्यात वार्षिक मोजणी होती आणि मला रजा मिळेना. त्याच महिन्यात थंडी पडली आणि मला ते सुरू झालं.

आधी बर्फ. फ्रीजमधले खडे मी कुडूम कुडूम चावून संपवायची. मग सकाळी शेजारच्या बाई अंगणात सडा टाकायच्या तेव्हा मी गॅलरीत नुसती उभी राहायला लागले. तो वास नाकातून आत गेला की तोंडाला पाणी सुटायचं. पुढे पुढे भिंतीच्या पोपड्याकडेही माझं लक्ष जायला लागलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारलं तर ते सहज म्हणाले, लोह कमी झालं की असं होतं, कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला पाटीवरची पेन्सिल. लोह भरलं की आपोआप जाईल. म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे.

संक्रांतीला आठवडा असताना सासूबाईंनी सुगडं आणली. पाण्यात बुडवून काढली आणि गॅलरीत उन्हाला पालथी घातली. मी कामावरून आले. घरात कुणी नव्हतं. मी पर्स खांद्यावरून न काढता खाली बसले, एक सुगड उचललं आणि त्याचा काठ दातांत धरला. कट् असा आवाज झाला. माती जिभेवर विरघळली. आधी गार, मग थोडी खारट, मग ती भाजल्याची, धुराची चव. इतकं सुख मला ऑपरेशननंतर कुठल्याच घासानं दिलं नव्हतं. पोटाला चालेल का, घाम सुटेल का, काही मनात आलं नाही. मी रडत होते आणि खात होते.

दुसऱ्या दिवशी मंडईतून मी माझ्यासाठी वेगळी सुगडं घेतली. ती पर्समध्ये ठेवली, स्टोअरमध्ये बेअरिंगांच्या खोक्यांआड बसून खाल्ली. पण घरातल्या गॅलरीतलं ते पहिलं, काठ मोडलेलं, मी परत पालथं घालून ठेवलं होतं. भोगीच्या सकाळी पूजेची तयारी करताना सासूबाईंनी ते सरळ केलं.

मी आत भोगीच्या भाजीला वांगी चिरत होते. त्यांची हाक आली. आवाज वेगळाच होता, म्हणून मी हात न धुताच गेले. त्या उन्हात मांडी घालून बसल्या होत्या. सुगड मांडीवर होतं आणि त्यांचं बोट त्याच्या काठावरून फिरत होतं. काठावर दात स्पष्ट दिसत होते.

"हे कुणी खाल्लं गं?"

मी वांग्याचे हात पदराला पुसले.

"उंदराचे दात नाहीत हे. तू खाल्लं?"

मी मान डोलावली.

"कवापासून खाती?"

"झाले पाच-सहा दिवस."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. चेहऱ्यावर काय काय सरकत गेलं ते मी उभ्या उभ्या बघत होते. "अन् तुझी पाळी? दिवाळीनंतर कुठं बाजूला बसली तू?"

ते खरं होतं. दोन महिने होऊन गेले होते. माझ्या बाबतीत त्याचा काही अर्थ नसतो हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. पण पाळी नाही आणि माती खावीशी वाटते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्याकडच्या बाईला तिसरं काही सुचतच नाही. सासूबाईंनी हात लांब करून मला खाली ओढलं. मी त्यांच्या अंगावरच पडले. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"पोरी, डोहाळे लागले गं तुला. मातीचे डोहाळे. सुनीलच्या येळंला मी चुलीचं भाजकं ढेकूळ खायची. माझी सासू लपवून ठेवायची, मी हुडकून खायची. लई गोड लागायचं. असंच लागतं ना? धुरकट?"

"हो," मी म्हणाले. "असंच."

आता सांगायला हवं होतं. आई, हे लोहाचं आहे, डॉक्टर म्हणाले आहेत. एवढं एक वाक्य. पण त्यांनी सुगडाचा एक तुकडा मोडला, माझ्या तोंडात घातला, आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला. त्या चावत होत्या. त्यांना मागचे दात नाहीत, म्हणून पुढच्या दातांनी, लहान मुलीसारख्या. आम्ही दोघी त्या कोवळ्या उन्हात भिंतीला पाठ टेकून बसलो आणि आळीपाळीनं ते सुगड खाल्लं. शेजारची रेडिओ लावून भांडी घासत होती. खाली कुणीतरी हरभरा विकत होतं. त्यांनी भरवलेलं माझ्या पोटात ठरत होतं, घाम नाही, कळ नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी विचार केला, डॉक्टरांना तरी सगळं कुठे कळतं. लोहाचंही असेल आणि हेही असेल. दोन्ही असायला काय हरकत आहे.

"कुणाला बोलायचं नाय अजून," त्या म्हणाल्या. "पण पुढल्या संक्रांतीला बोरन्हाण करू. काळं झबलं मी शिवीन."

सुनीलला त्यांनी संध्याकाळी सांगितलंच. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो चित्र काढून समजावेल. त्यानं तसं केलं नाही. पायात चपला घालून गेला आणि औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी घेऊन आला. मी ती कपाटात साड्यांखाली ठेवली. "संक्रांत होऊ दे," मी म्हणाले. तोही लगेच हो म्हणाला. विज्ञान शिकवणारा माणूस, पण उत्तर बघायची त्यालाही घाई नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी सासूबाईंनी सुगडं भरली. ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाच्या कांड्या, गाजर, तीळगूळ. देवळात ववसा घेऊन निघताना त्यांनी आधी मलाच पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, मूठभर गहू. देवळात बायांची गर्दी होती. त्या माझ्या पुढे दोन्ही हात पसरून चालत होत्या, कुणाचा धक्का मला लागू नये म्हणून. ओळखीची एक म्हणाली, "काय हो, सुनेला आज फार जपताय." त्या नुसत्या हसल्या. तेवढा एक दिवस मी भरल्या घरची बाई होते. लोक या एका दिवसासाठी आयुष्यभर काय काय करतात ते मला त्या दिवशी कळलं.

किंक्रांतीला सकाळी ओटीपोटात कळ आली आणि मग नेहमीसारखं, नळ फुटल्यासारखं.

मी बाहेर आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. मी मटकन खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. लोह, माती, डॉक्टर काय म्हणाले होते ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर शाल टाकली.

"किंक्रांतीचा दिस हाय. आज घडलेलं काय खरं धरायचं नसतं," त्या म्हणाल्या. "काही जणींना दिसतं मधीच. मलाबी दिसलं होतं सुनीलच्या येळंला. माती खाऊ वाटती ना अजून?"

"वाटते."

"मग झालं तर."

पट्टी सुनीलनंच काढून दिली. उत्तर आलं ते यायचं तेच आलं. सासूबाईंना ती एक रेघ आम्ही दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, ह्या प्लास्टिकला काय कळतंय.

दोन दिवसांनी मला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. शबाना सिस्टर रागावली. "कितने दिन हो गए दीदी, कहाँ थे आप? ओठ बघा, सफेद झालेत." यावेळी मोठी बाटली होती. थेंब पडत राहिले. मी सवयीनं वर बघितलं आणि थेंबांना काहीतरी सांगायला गेले, तर सांगायला काही नव्हतं.

त्यानंतरचं मला लिहवत नाही, पण लिहिते. लोह चढलं तशी मातीची ओढ ओसरली. रक्त भरून यायला पुष्कळ दिवस लागतात. ओढ मात्र आठवडाभरातच गेली, कुणी दिवा मालवावा तशी. सासूबाईंनी त्या दिवसांत मंडईतून उरलीसुरली सुगडं आणून ठेवली होती. रोज सकाळी एक ओलं करून गॅलरीत माझ्या बसायच्या जागी ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी तुकडा मोडला आणि अर्धा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी नुसता वास घेतला. मग ते तिथंच वाळत राहिलं. त्यांनी रक्ताला मानलं नव्हतं, पट्टीला मानलं नव्हतं. पण एका सकाळी त्या गॅलरीत आल्या, ते आख्खं, कोरडं सुगड त्यांनी उचललं, काठावरून बोट फिरवलं, आणि त्यांना कळलं. मी आतून बघत होते. त्यांनी ते पदरानं पुसलं, माळ्यावर ठेवलं, आणि खाली येऊन लोखंडी कढईत भाजी फोडणीला टाकली. ओढ गेली याचं दुःख मला त्या रक्तापेक्षा जास्त झालं. मला आयुष्यात डोहाळे तेवढे लागले होते, तेही बाटलीनं नेले.

आता काही वर्षं झाली आहेत. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून शेवटचं सांगितलं त्यालाही दिवस झाले. वयही माझ्या बाजूनं उरलेलं नाही. सहा-आठ महिन्यांनी मी त्या लांबट खोलीत जाऊन पडते आणि कोरा चहा अंगात भरून घेते. हे आता जन्माचं आहे, मला स्वच्छ सांगितलं गेलं आहे. लोह कशासाठी भरायचं, तर पायऱ्या चढता याव्यात, स्टोअरमध्ये उभं राहता यावं, पुढच्या बाटलीपर्यंत पोहोचता यावं. ज्याच्यासाठी सगळं केलं ते नाही, आणि केलेलं तेवढं अंगावर राहिलं. कारखान्यातल्या नव्या मुली मला विचारतात, मॅडम, तुमची फिगर इतकी छान कशी. मी डागावर बाही ओढते आणि सांगते, नशीब.

सासूबाई थकल्या आहेत. पण माझे दिवस त्या अजूनही मोजतात. यंदाही दिवाळीनंतर माझी पाळी आलेली नाही. या वयात ती अशी लांबायला लागते, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा "व्हय का" म्हटलं.

आज भोगी. सकाळी त्यांनी सहावं सुगड पाण्यात बुडवून काढलं, गॅलरीत माझ्या जागी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. शेजारच्यांच्या नातीचं परवा बोरन्हाण आहे, त्यासाठी बोरं निवडायला सूप मांडीवर घेतलं होतं. एकही बोर निवडत नव्हत्या.

"ये बस," त्या म्हणाल्या. "उन्हात बस जरा."

मी बसले. गेल्याच आठवड्यात मला बाटली लागली आहे. माती मला गोड लागणार नव्हती, ते ठरलेलंच होतं. हेही त्यांना सांगता आलं असतं. मी सुगड उचललं आणि त्याचा काठ दातांत धरला. कट् असा आवाज झाला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डोळ्याची पापणी न हलवता. दातांखाली रेती कचकचली. मी चावलं, गिळलं. घशाला ओरखडा उठला.

"कसं लागतं गं?"

खोटं बोलायचं मनात आलं. अगदी ओठापर्यंत आलं.

"मातीसारखं, आई."

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून सुगड घेतलं, मोडलेल्या काठावरून अंगठा फिरवला, आणि सूप पुढे ओढून बोरं निवडायला लागल्या.